मागचा प्रोपेलर शाफ्ट बदलायचा आहे: क्रॉसला किती ग्रीस, स्प्लाइनला किती?

चिखलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गाडी लॅडर फ्रेमची, पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे. मागे सलग अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग. मागचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला पोचवणारा फिरता दांडा) बदलायचा आहे. लक्षणं अशी: रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडला की खालून धातूवर धातू आपटल्यासारखा "टक्" आवाज येतो. सावकाश चालवताना चिमणीसारखी चूं-चूं ऐकू येते आणि वेग वाढला की ती भरभर होते. डिफच्या (मागच्या अ‍ॅक्सलवरच्या डिफरन्शिअलच्या) बाजूच्या क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वाकू देणारा चार दांड्यांचा सांधा) दोन वाट्यांच्या (दांडीच्या टोकावरच्या बेअरिंगच्या टोप्यांच्या) तोंडाशी तांबूस भुकटी जमली आहे. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला तर स्प्लाइनमध्येही (शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडात) ढिलाई जाणवते. म्हणून नुसता क्रॉस न बदलता आख्खा शाफ्टच बदलायचं ठरवलं आहे.

नव्या शाफ्टला दोन्ही टोकांना चार बोल्टची फ्लँज (सपाट जोड-चकती) आहे, मध्ये सरकता स्प्लाइन. निपल (ग्रीस भरायची तोंडं) तीन: दोन क्रॉसवर, एक स्प्लाइनच्या बाहेरच्या नळीवर.

विचारायचं ते हे. सोडण्याचा क्रम काय ठेवावा, आणि जुने नट-बोल्ट पुन्हा वापरायचे का? नवा शाफ्ट ग्रीस भरूनच येतो की बसवण्याआधी भरावं लागतं? जुन्या क्रॉसला ग्रीस मारताना तीन वाट्यांतून यायचं, चौथीतून कधीच नाही; नव्याचंही तसंच झालं तर काय करावं? स्प्लाइनबद्दल दोन मतं ऐकली, एक म्हणतं बाहेर येईपर्यंत भरा, दुसरं म्हणतं ग्रीस गनच्या दोन दाबांवर थांबा. आणि ग्रीस साधं लिथियम की काळं मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं)?

---

लो-रेंज

काढण्या-बसवण्याचं मी सांगतो, ग्रीसवर इथले जाणकार लिहितीलच.

पाना लावण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मागचा शाफ्ट सुटला की मागची चाकं गिअरबॉक्सपासून तुटतात, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून उभी आहे या भरवशाला अर्थ राहत नाही. काही फोर बाय फोर गाड्यांत तर हँडब्रेकही चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवरच्याच ड्रमवर असतो. अशा गाडीत शेवटचा बोल्ट निघाला की हँडब्रेकही गेला. शिवाय या प्रकारात एक मागचं चाक उचललं तर शाफ्ट सुटलेला नसतानाही ब्रेक धरत नाही, कारण उचललेलं चाक डिफमधून मोकळं फिरतं. तेव्हा जमीन सपाट आणि पक्की हवी, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेत. नवा शाफ्ट पूर्ण आवळला जाईपर्यंत ते हलवायचे नाहीत.

मागची दोन्ही चाकं उचला, पण घोड्या (आधाराचे स्टँड) अ‍ॅक्सलखाली लावा, चॅसिसखाली नको. चॅसिसवर गाडी उचलली की अ‍ॅक्सल खाली लोंबतो, शाफ्ट ताणला जातो, क्रॉसचा कोन वाढतो आणि बोल्ट अडकून बसतात. अ‍ॅक्सलखाली घोड्या असल्या की स्प्रिंग नेहमीच्या उंचीवर राहतात आणि शाफ्टची खरी लांबी मोजता येते. ती लांबी, म्हणजे दोन फ्लँजच्या तोंडांमधलं अंतर, लिहून ठेवा.

नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. सोडताना सहा कोनी रिंग पाना किंवा सॉकेट वापरा. फिक्स पाना किंवा बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो, आणि तिथे ग्राइंडर घालायला जागा नसते. गिअर न्यूट्रल करून चाक फिरवा, हवा तो नट खाली आणा, मग पहिला गिअर टाकून किंवा हँडब्रेक ओढून शाफ्ट अडवा आणि नट सोडा. आठही नट आधी फक्त ढिले करा, काढू नका.

जुना शाफ्ट आणीबाणीसाठी ठेवणार असाल तर दोन्ही फ्लँजच्या जोडांवर आणि स्प्लाइनच्या दोन भागांवर सेंटर पंचने खूण करा. खडूची खूण तेलात पुसली जाते.

सुरुवात डिफच्या बाजूने करा. तीन बोल्ट काढून झाले की शाफ्ट तारेने चॅसिसला बांधा आणि मगच चौथा काढा. शाफ्ट एका टोकावर लोंबू दिला तर दुसऱ्या टोकाचा क्रॉस त्याच्या मर्यादेबाहेर वाकतो, आणि योकचे (क्रॉस धरणाऱ्या दोन कानांच्या चिमट्याचे) कान एकमेकांना लागून खरचटतात. फ्लँज चिकटली असेल तर शाफ्ट ट्रान्स्फर केसकडे ढकला म्हणजे स्प्लाइन आत सरकेल. तरी सुटली नाही तर पितळी दांड्याने कडेवर हलकं ठोका. छिन्नी घालून फाकवू नका. छिन्नीने उठलेला कंगोरा नव्या शाफ्टला तिरका बसवतो, आणि मग थरथरीचं कारण शोधत बसावं लागतं.

शाफ्ट बाहेर आहे तोवर ट्रान्स्फर केसची आणि डिफची फ्लँज हाताने वरखाली हलवून पाहा. वरखाली हलत असेल तर आतलं बेअरिंग गेलं आहे, नव्या शाफ्टने ते बरं होणार नाही. ऑइल सील गळत असेल तर बदलायची वेळ हीच. मात्र डिफच्या पिनियनचा (शाफ्टने फिरणाऱ्या आतल्या लहान गिअरचा) मधला मोठा नट "जरा आवळून घेऊ" म्हणून हात लावू नका. बेअरिंगवरचा ताण त्याच नटाने ठरलेला असतो. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, कमी ठेवला तर दाते खातात.

जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवून ताडून पाहा: पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ओढलेली लांबी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, आणि फ्लँजच्या मध्यभागच्या गोल उंचवट्याचा व्यास. हा उंचवटा समोरच्या खळग्यात चपखल बसायला हवा, कारण शाफ्ट मध्यावर धरण्याचं काम त्याचं आहे. बोल्ट फक्त दाबून धरतात. गाडीची उंची वाढवली असेल तर आधी लिहिलेली लांबी नव्या शाफ्टच्या सरकण्याच्या साधारण मध्यावर पडते का, हे जरूर पाहा. खड्ड्यात अ‍ॅक्सल पूर्ण खाली गेल्यावर स्प्लाइन सुटायला नको आणि पूर्ण वर आल्यावर तळाला टेकायला नको. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण तो धक्का थेट ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगवर जातो.

नायलॉनच्या कड्याचे नट नेहमी नवे घ्या. एकदा सोडलेल्या नायलॉनची पकड पहिल्यासारखी राहत नाही. बोल्टचे आटे ओढले गेले असतील किंवा दांड्यावर घासल्याचा चट्टा असेल तर तेही बदला, तितक्याच लांबीचे आणि तितक्याच दर्जाचे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. पूर्ण लांबीला आटे असलेला साधा बोल्ट इथे चालत नाही, त्याचे आटे फ्लँजच्या भोकात घासून झिजतात. दोन्ही फ्लँजची तोंडं तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाची एक खपली मध्ये राहिली तरी शाफ्ट डोलतो. बोल्ट योकच्या बाजूने घालायचे असतील तर क्रॉस वाकवून आधी चारही भोकांत ओवून घ्या, नंतर ते आत जायला जागा मिळत नाही.

आवळताना समोरासमोरचे नट घ्या, दोन टप्प्यांत. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा. अंदाज म्हणून सांगतो, १० मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि १०.९ ला ६५ ते ७० च्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो. नटांवर रंगाची रेघ ओढा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावा.

---

ग्रीसगन

स्प्लाइनबद्दलची तुमची दोन मतं प्रत्यक्षात दोन वेगळ्या जागांची आहेत. "बाहेर येईपर्यंत" हा नियम क्रॉसचा आणि "मोजून" हा स्प्लाइनचा. लोक अनेकदा याच्या बरोबर उलट करतात: क्रॉसला दोन दाब मारून पुढे जातात आणि स्प्लाइन ठासून भरतात. शाफ्ट अकाली जाण्याचं हे फार मोठं कारण आहे.

आधी क्रॉस. निपलमधून गेलेलं ग्रीस क्रॉसच्या पोटातल्या भोकांतून चार दांड्यांच्या टोकाला पोचतं, तिथून वाटीच्या तळाला, मग सुयांमधून (वाटीतल्या बेअरिंगच्या बारीक दांड्यांमधून) परत फिरून सीलच्या ओठाखालून बाहेर. म्हणजे सीलमधून नवं ग्रीस डोकावलं तरच ते सुयांमधून गेल्याची खात्री. तीन वाट्यांतून आलं आणि चौथीतून नाही, तर चौथी कोरडीच आहे. ती एकटी झिजते, तिची भुकटी होते, आणि बाकी तीन ठणठणीत असूनही क्रॉस फेकावा लागतो. तुमच्या जुन्या शाफ्टवर दोनच वाट्यांशी तांबूस भुकटी आहे, त्याचं मूळ बहुधा इथेच असावं.

चौथीतून न येण्याची कारणं ठरावीक. ग्रीस सोप्या वाटेने जातं, आणि शाफ्टच्या वजनाने एका बाजूची वाटी दांडीवर दाबलेली असते, तिथली वाट बंद. म्हणून शाफ्ट अर्धी फेरी फिरवा, म्हणजे दाबलेली बाजू वर येईल, आणि पुन्हा मारा. तरी नाही आलं तर योक आणि फ्लँजच्या मध्ये पट्टी घालून त्या वाटीपासून दांडी किंचित दूर ढकलून धरा आणि दुसऱ्याला गन चालवू द्या. याने बहुतेक वेळा काम होतं. नव्या शाफ्टला हे सगळं टेबलावरच करा: क्रॉस चारही बाजूंना वाकवत मारलं की चारही सील एकामागून एक बोलतात. इतकं करूनही एक वाटी मुकीच राहिली तर तो क्रॉस उघडून पाहायला हवा. जुन्यात आतलं भोक वाळलेल्या ग्रीसने बुजलेलं असतं, नव्यात क्वचित छिलका अडकलेला असतो.

नव्या शाफ्टमध्ये ग्रीस असतं, पण ते साठवणीत गंजू नये एवढ्यापुरतं. त्यावर गाडी चालवू नका. कोरड्या नव्या क्रॉसला हातगनचे आठ-दहा दाब लागू शकतात, नंतरच्या वेळी तीन-चार पुरतात. पण दाब मोजत बसू नका, सीलकडे पाहा. साधी हातगन एका दाबाला साधारण १ ग्रॅम देते. तुमची किती देते हे पाहायचं तर दहा दाब कागदावर काढून वजन करा.

बाहेर येणाऱ्या ग्रीसचा रंगही पाहा. काळं आलं तर ते फक्त जुनं आहे. दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, स्वच्छ येईपर्यंत मारत राहा. तांबूस आणि कचकचीत आलं तर सुया गंजून झिजल्या आहेत, नवं ग्रीस त्यांना परत आणत नाही. क्रॉस बदलायचा.

आता स्प्लाइन. बाहेरची नळी आणि आतला दांडा यांच्यामध्ये टोकाला एक बंद पोकळी राहते. अ‍ॅक्सल वर आला की दांडा आत जातो आणि पोकळी लहान होते. ती ग्रीसने काठोकाठ भरली असेल तर ग्रीसला पळायला वेळ मिळत नाही, ते दाबलंही जात नाही, आणि सरकता सांधा क्षणभर सलग लोखंडी दांड्यासारखा वागतो. मग धक्का ट्रान्स्फर केसच्या आणि पिनियनच्या बेअरिंगवर जातो, नाहीतर नळीच्या टोकाची पत्र्याची टिकली उडते. टिकली उडाली की पुढे पाणी आणि माती थेट दात्यांत.

तुमच्या शाफ्टच्या टोकाच्या टिकलीला बारीक भोक आहे का ते पाहा. असेल तर त्या भोकातून ग्रीस डोकावेपर्यंत मारा, मग भोकावर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाच्या सीलमधून किंचित दिसेपर्यंत मारा. थांबा. बोट काढा. अशा शाफ्टमध्ये जास्तीचं ग्रीस नंतर त्याच भोकातून निघून जातं. भोक नसेल तर शाफ्ट टेबलावर असतानाच दोन भाग वेगळे करा, पण आधी खूण करा! रॉकेलने धुऊन कोरडे करा, दोन्हीकडच्या दात्यांना ब्रशने पातळ, सलग थर द्या, जोडा, निपल काढून ठेवा आणि शाफ्ट पूर्ण आत दाबा. जास्तीचं निपलच्या भोकातून येईल. मग निपल लावा. यानंतर प्रत्येक सर्व्हिसला दोन-तीन दाब, बस. शंका आली तर एक टोक सोडून शाफ्ट हाताने आत दाबून पाहा. उशीसारखा परत ढकलत असेल तर आत ग्रीस जास्त आहे.

कोणतं ग्रीस? क्रॉसला लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी गुणाचं (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा). मॉली सरकत्या पृष्ठभागांसाठी चांगलं, म्हणून स्प्लाइनला ३ ते ५ टक्के मॉलीवालं मारलंत तर उत्तमच. क्रॉसच्या सुयांना त्याची गरज नाही. सुया गोल फिरायला हव्यात, आणि जास्त मॉलीत त्या फिरण्याऐवजी घसरू शकतात. दोन गन सांभाळायच्या नसतील तर साधं ईपी २ दोन्हीकडे बिनधास्त वापरा. कटाक्षाने टाळायचं ते मिश्रण. लिथियमवर पॉलियुरियाचं किंवा बेंटोनाइट मातीवर बांधलेलं ग्रीस पडलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन वाहून जाऊ शकतात किंवा घट्ट होऊन बसतात. रंग सारखा म्हणजे जात सारखी असं नसतं, डब्यावरचं वाचा.

निपल आधी पुसा. न पुसता मारलं तर टोकावरची माती तुम्ही स्वतः सुयांमध्ये ढकलता. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी गन क्रॉसला वापरू नका, दाब हाताला कळत नाही आणि सीलचा ओठ उलटतो. उलटलेला ओठ परत बसत नाही.

अंतर: रस्त्यावर ५,००० किलोमीटर किंवा प्रत्येक ऑइल बदल, जे आधी येईल ते. अ‍ॅक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली तर त्याच दिवशी. तापलेला सांधा थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. रात्रभर राहिलं की सुयांवर गंजाचा पहिला थर बसतो.

---

सुईबेअरिंग

वरच्या दोघांना पूरक थोडंसं.

बसवताना तिन्ही निपल एकाच रेषेत येतात का पाहा. आले तर गाडी एका जागी उभी असताना तिन्हींना गन लागते, नाहीतर प्रत्येक निपलसाठी गाडी पुढे ढकलावी लागते, आणि मग एखादा निपल कायमचा विसरला जातो. क्रॉसचं निपल फ्लँजकडे तोंड करून असेल तर गनचा जबडा आत जात नाही. त्यासाठी सुईसारख्या टोकाचा जोड मिळतो, तो टोकावर दाबून धरायचा असतो.

पुढच्या शाफ्टला ट्रान्स्फर केसकडे दुहेरी क्रॉस असेल तर दोन क्रॉसच्या मध्ये एक गोळीचा सांधा असतो आणि त्याला वेगळं, खोल दडलेलं निपल असतं. सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा हीच. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे) नसतील तर तो शाफ्ट टू-व्हील ड्राइव्हमध्येही फिरतच असतो, "फोर बाय फोर वापरतच नाही" म्हणून ग्रीस टाळू नका.

निपल नसलेला बंद क्रॉस मिळाला तर तो वाईट नाही. पोटात निपलचं भोक नसल्यामुळे तो उलट जास्त मजबूत असतो. पण खोल पाण्यात वारंवार जाणाऱ्या गाडीला निपलवालाच घ्या, आत शिरलेलं पाणी ढकलून बाहेर काढायचा दुसरा मार्ग नाही.

आणि जुना शाफ्ट फेकू नका. स्प्लाइनची ढिलाई ०.१८ मिलिमीटरच्या आत असेल आणि योकचे कान खाल्लेले नसतील तर नवे क्रॉस टाकून तो चालू शकतो. क्रॉसची स्वतःची मर्यादा ०.१५ मिलिमीटर. डायल गेज लावूनच ठरवा, हाताला नुसती पिळवटताना जाणवणारी ढिलाई कधीकधी डिफच्या दात्यांची असते. वाट्या बसवताना सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून ठेवा. वाटी पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिपची (वाटी अडवणाऱ्या कड्याची) खाच दिसत नाही, म्हणजे एक सुई तळाला आडवी पडली आहे. तिथे हातोडी मारू नका, वाटी काढून सुई उभी करा.

---

चिखलवाट

तिघांचेही मनापासून आभार. शाफ्ट बसवला. चारही वाट्यांतून ग्रीस आलं, एका क्रॉसला पट्टी घालून ढकलावं लागलं. टिकलीला भोक नव्हतं, म्हणून भाग वेगळे करून थर दिला. टक् आणि चूं-चूं दोन्ही बंद.

पण ७० ते ८० च्या दरम्यान फरशीत बारीक, भरभर थरथर येते, ती आधी नव्हती. ९० च्या पुढे जरा कमी होते. क्लच दाबून गाडी तशीच सोडली तरी राहते. भाग वेगळे करताना मार्करने खूण केली होती, ती रॉकेलने धुताना गेली. जोडताना दोन्ही योक डोळ्यांनी सरळ रेषेत घेतले आहेत.

---

दुहेरी-क्रॉस

क्लच दाबूनही राहते, म्हणजे इंजिन आणि क्लच यातून सुटले. "डोळ्यांनी सरळ रेषेत" हे वाक्य मला खटकतंय. आधी ते तपासा.

कोनात फिरणारा एकेरी क्रॉस वेग सारखा पुढे देत नाही. एका फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्का, २० अंशांत सहा टक्क्यांच्या वर. दुसऱ्या टोकाचा क्रॉस याच्या बरोबर उलट करतो आणि हिशेब मिटतो, पण फक्त दोन अटींवर: शाफ्टच्या नळीवरचे दोन्ही योक एकाच पातळीत हवेत, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. १६ दात्यांच्या स्प्लाइनवर एक दाता चुकला तर योक २२.५ अंशांनी फिरतात. दाते जितके जास्त तितका हा फरक लहान आणि डोळ्याला फसवा, गाडीखाली आडवं पडून तर कळतच नाही.

शाफ्ट काढून सपाट टेबलावर ठेवा. एका टोकाच्या योकच्या दोन्ही कानांच्या भोकांची टेबलापासूनची उंची सारखी करा आणि तसाच धरून दुसऱ्या टोकाची मोजा. तिथे दोन कानांत फरक आला तर दाता चुकलाय. काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टमध्ये कंपनीच योक मुद्दाम तिरके ठेवते, तिथे मॅन्युअल मानायचं. तुमचा मागचा शाफ्ट, दोन्हीकडे एकेरी क्रॉस, तेव्हा पातळी एकच.

पातळी बरोबर निघाली तर दुसरी शक्यता: तुम्ही अर्धी फेरी उलटं जोडलंय. १८० अंशांनी फिरवलं तरी योक रेषेतच दिसतात, पण कारखान्यात शाफ्ट जोडलेल्या स्थितीतच बॅलन्स केलेला असतो, तो बिघडतो. दोन्ही भागांवर ठोकलेले बाण किंवा रंगाचे ठिपके नीट धुऊन शोधा. बऱ्याचदा असतात, ग्रीसखाली लपतात. सापडले नाहीत तर अर्धी फेरी फिरवून चालवून पाहा आणि जी स्थिती शांत ती पंचने कायमची नोंदवा.

या दोन दोषांमध्ये फरक करायला थरथरीची गती मदत करते. समजा टायरचा व्यास ७५ सेंटिमीटर आणि डिफचं गुणोत्तर ४.१. ताशी ८० ला चाक सेकंदाला सुमारे ९.४ फेऱ्या करतं आणि शाफ्ट सुमारे ३९, म्हणजे मिनिटाला २३०० च्या वर. टायरचा दोष सेकंदाला नऊ-दहा हिसक्यांचा असतो, सीटवर डुलल्यासारखा. बॅलन्सचा दोष ३९ चा, पायाखाली घुमल्यासारखा. पातळीचा किंवा कोनाचा दोष त्याच्या दुप्पट, ७७ च्या आसपास, मुंग्यांसारखा. फोनमधल्या कंपमापक अ‍ॅपवर हा आकडा सरळ वाचता येतो. तुमचं "बारीक, भरभर" हे वर्णन मला ७७ कडे झुकलेलं वाटतं, म्हणून पातळी आधी.

हे दोन्ही ठीक असूनही राहिलं तर कोन मोजा. ट्रान्स्फर केसची फ्लँज, शाफ्टची नळी आणि पिनियनची फ्लँज, तिन्हींवर डिजिटल कोनमापक ठेवा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. दोन्ही टोकांच्या कोनांत १ अंशापेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक कोन ३ अंशांच्या आत असेल तर मोठ्या वेगात शांत चालतं. पण शून्यही नको, किमान अर्धा अंश हवा, नाहीतर सुया जागच्या जागी घासून दांडीवर चरे पाडतात. स्प्रिंग उंच केल्या असतील तर अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगच्या मध्ये पाचर घालून पिनियनचा कोन जुळवता येतो.

बॅलन्सचाच दोष निघाला तर रबरी नळीला लावतात तसा स्क्रूचा पट्टा डिफच्या बाजूला नळीवर आवळा, आणि स्क्रूचं डोकं पाव-पाव फेरीने चार जागी फिरवून प्रत्येक वेळी चालवून पाहा. फरक पडला तर निदान पक्कं. पण तो कायमचा उपाय मानू नका, शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. आणि गाडी घोड्यांवर ठेवून, इंजिन चालू करून फिरत्या शाफ्टखाली कोणीही जाऊ नका.

---

चिखलवाट

टेबलावर घेतला. डिफच्या टोकाला दोन कानांच्या उंचीत १४ मिलिमीटरचा फरक निघाला, एक दाता चुकला होता. स्प्लाइन धुतल्यावर बाहेरच्या नळीवर आणि दांड्यावर ठोकलेला एक-एक बाणही सापडला, ग्रीसखाली होता. बाण समोरासमोर आणून जोडला, नवे नट लावले. ७० ते १०० सगळीकडे शांत.

---

लो-रेंज

छान. थरथरीत किती चाललात ते महत्त्वाचं: पिनियनच्या सीलखाली पांढरा कागद ठेवून रात्रभर गाडी उभी करा, तेलाचा थेंब पडतो का पाहा. आणि फ्लँज पुन्हा उघडल्यामुळे शंभर किलोमीटरनंतरची टॉर्क तपासणी आता नव्याने मोजायची.